चोच कोणी दिली?

'चोच दिली तो चारा देईल' ही म्हण आपण सगळ्यांनी आजीच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेली आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये तर जरा जास्तच! या म्हणीत काळजी फक्त चाऱ्याची आहे, चोच मात्र गृहीत धरलेली आहे. पण मित्रांनो, खरी गोष्ट तिथेच सुरू होते. चोच दिली कोणी, आणि कधी? कारण पक्ष्यांना चोच पहिल्यापासून नव्हती. त्यांना चक्क दात होते.

आज जगात पक्ष्यांच्या साधारण ११ हजार जाती आहेत आणि त्यातल्या एकाही जातीला खरा दात नाही. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला ('रामसर' यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा, आणि ती आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे हे आपल्यालाच माहीत नसतं) गेलात तर चोचींचं प्रदर्शनच बघायला मिळतं. चमच्या आपल्या चपट्या चोचीने पाणी डावीकडून उजवीकडे ढवळत चालतो, शराटीची चोच विळ्यासारखी वाकलेली, रोहित पक्षी तर मान उलटी करून पाणी गाळतो. काम वेगळं, हत्यार वेगळं, पण मटेरियल सगळ्यांचं एकच. आत हाड आणि वरून केराटिनचं आवरण, म्हणजे आपल्या नखांत असतं तेच द्रव्य. बदकाच्या चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात, पण ते दात नव्हेत, त्या आवरणाच्याच घड्या आहेत. अंडं फोडताना पिल्लाच्या चोचीवर जो टणक टोकदार उंचवटा असतो त्याला 'अंडदंत' म्हणतात, पण तोही नावापुरताच दात. काही दिवसांत गळून पडतो. खऱ्या दातात डेंटीन लागतं, इनॅमल लागतं. ते आजच्या कुठल्याही पक्ष्याकडे नाही.

आता दातवाल्या पक्ष्यांकडे वळू. १८६१ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सोल्नहोफेन इथल्या चुनखडीच्या खाणीतून आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा बाहेर आला. डार्विनचं पुस्तक येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी. अंगावर स्पष्ट पिसं, पंखांना नख्या, हाडांची लांब शेपटी आणि जबड्यात दात. आपल्या पाठ्यपुस्तकात 'सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यातला दुवा' म्हणून दोन मार्कांपुरता जो येतो, तोच हा. (सीबीएसईवाल्या धाकट्या भावंडांना कदाचित तेवढाही माहीत नसेल. २०२३ च्या आसपास एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'अनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती काढून टाकली गेली आणि नुसती अनुवंशिकता उरली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि इतरांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं.)

त्यानंतर नंबर लागला अमेरिकेतल्या कॅन्ससच्या खडूच्या थरांचा. येल विद्यापीठाच्या ओथनिएल मार्श यांना १८७२ मध्ये तिथून एका पक्ष्याची हाडं मिळाली आणि सोबत दात असलेला एक जबडा. मार्श यांनी पक्ष्याला 'इक्थिऑर्निस' हे नाव दिलं आणि जबडा मात्र एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याचा समजून त्याला वेगळंच नाव देऊन टाकलं! पक्ष्याला दात कसे असतील? पुढच्याच वर्षी दगड आणखी साफ केल्यावर कळलं की जबडा त्याच पक्ष्याचा आहे. १८८० मध्ये मार्श यांनी या दातवाल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ काढला आणि डार्विनने त्यांना पत्र लिहून कौतुक केलं की उत्क्रांतीच्या सिद्धांताला गेल्या वीस वर्षांत मिळालेला हा सगळ्यात चांगला आधार आहे. पुढे १८९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये एका सदस्याने 'दातवाले पक्षी' असं म्हणत याच ग्रंथाची टिंगल केली, सरकारी पैसा कशावर उधळतात बघा म्हणून. संशोधनाच्या निधीवरची भांडणं ही काही आजची नाहीत.

इथपर्यंत ऐकलं की आपल्या डोक्यात आपोआप एक जिना तयार होतो. खालच्या पायरीवर दात आणि शेपटीवाला आर्किऑप्टेरिक्स, मधे अर्धवट कोणीतरी, आणि सगळ्यात वर चोचवाला, सुधारलेला, 'अपग्रेड' झालेला आजचा पक्षी. मोबाइलच्या मॉडेलसारखं. माझ्याही डोक्यात हाच जिना होता. हा जिना मोडला तो चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या एका पक्ष्याने.

१९९५ मध्ये हौ लिआन्हाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कन्फ्यूशिअसॉर्निस या पक्ष्याचं नामकरण केलं. अर्थातच कन्फ्यूशिअसच्या नावावरून. आकाराने कावळ्याएवढा, काळ सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा. पंखांना अजून नख्या आहेत, पण लांब शेपटी गेलेली आहे. आणि तोंडात एकही दात नाही, पूर्ण चोच! म्हणजे इक्थिऑर्निसच्या जवळपास ४ कोटी वर्षं आधी चोचवाला पक्षी हजर होता. जिन्याच्या हिशेबाने हा वरच्या पायरीवर हवा, पण कवटीचा मागचा भाग पाहिला तर जुनाच. डोळ्यामागे हाडाची पट्टी अजून तशीच, डायनासोरसारखी. आणि तो आजच्या पक्ष्यांचा पूर्वजसुद्धा नाही. त्याची शाखा वेगळी होती आणि ती पुढे संपली. चोच आली, टिकली, आणि घराण्यासकट गेली.

कन्फ्यूशिअसॉर्निसचे शेकड्यांनी सांगाडे मिळाले आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुठल्या आदिम पक्ष्याबद्दल कळत नाही. काहींना शेपटीत दोन लांब फितीसारखी पिसं आहेत, काहींना नाहीत. नर-मादी असणार असा अंदाज होता. २०१३ मध्ये लांब पिसं नसलेल्या एका नमुन्याच्या हाडात अंडी घालणाऱ्या मादीत तयार होणारा विशिष्ट थर सापडला आणि निदान त्या एका पक्ष्याचं तरी कोडं सुटलं. २०२० मध्ये लेझरच्या प्रकाशात एका नमुन्याच्या चोचीवरचं केराटिनचं आवरणही दिसलं, हाडापासून जरासं सुटलेलं. हे विशेष आहे, कारण केराटिन सहसा कुजून जातं, दगडात उरतं ते फक्त हाड. मग एरवी चोच ओळखायची कशी? तर जबड्याच्या कडेला दातांची खोबणी नसतात, आणि हाडावर बारीक बारीक छिद्रांची जाळी दिसते, आवरणाला रक्त पुरवणाऱ्या नसांची. एक्स-रे, सीटी स्कॅन हे त्यासाठीच लागतं.

लिआओनिंगला एवढं सगळं टिकलं ते तिथल्या ज्वालामुखींच्या कृपेने. बारीक राख तळ्यात पडत राहिली आणि मेलेले पक्षी पिसांसकट तिच्यात झाकले गेले. ज्वालामुखी आपल्याकडेही होते, पण त्यांचा स्वभाव निराळा. त्याबद्दल पुढे येतंच.

कन्फ्यूशिअसॉर्निस एकटा असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण नंतर यादी वाढतच गेली. चीनमधलाच आर्किओऱ्हिंकस, दुसऱ्याच शाखेचा, त्यालाही दात नाहीत आणि पोटात दळणाचे खडे सापडले. मंगोलियातला गोबिप्टेरिक्स तिसऱ्याच घराण्यातला, तोही बिनदाताचा. आणि डायनासोरांमध्येसुद्धा कितीतरी! लिमुसॉरस नावाचा एक डायनासोर तर लहानपणी दात घेऊन जन्माला यायचा आणि मोठा होईपर्यंत ते पडून जायचे. लहानमोठे १९ सांगाडे ओळीने मांडून २०१६ मध्ये हे दाखवलं गेलं. कासवाला चोच आहे, काही उडत्या टेरोसॉरनाही दातांऐवजी चोच होती. थोडक्यात चोच एकदाच कोणीतरी शोधून काढली आणि मग ती वारशाने सगळीकडे पसरली असं झालेलं नाही. ती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घरांत तयार झाली आहे.

आता मेकॅनिकलवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्यावं. चोच म्हणजे नुसतं दात नसलेलं तोंड नव्हे. पोपट मिरची खाताना नीट बघा. खालचा जबडा तर हलतोच, पण वरची चोचही कपाळापासून वर उचलली जाते. आपल्याला वरचा जबडा हलवता येतो का? प्रयत्न करून बघा, फक्त डोकं हलेल. पक्ष्याच्या कवटीत थिअरी ऑफ मशीन्समधली चक्क फोर बार लिंकेज असते. जबड्याच्या सांध्याशी 'क्वाड्रेट' नावाचं छोटं हाड असतं, ते स्नायूने पुढे झुलतं. ही इनपुट लिंक. त्याला जोडलेल्या गालाच्या आणि टाळूच्या बारीक सळया पुढे ढकलल्या जातात, त्या कपलर. त्या वरच्या चोचीच्या बुडाला रेटतात आणि चोच वर उठते. फिक्स्ड लिंक म्हणजे कवटी. कन्फ्यूशिअसॉर्निसला चोच होती पण डोळ्यामागच्या त्या पट्टीमुळे कवटी जाम होती. मशीन होतं, पण लिंकेज लॉक!

आणि इक्थिऑर्निसचं नेमकं उलट. २०१८ मध्ये डॅनियल फील्ड, भार्त-अंजन भुल्लर आणि इतरांनी कॅन्ससच्या नव्या-जुन्या कवट्यांचे सीटी स्कॅन करून तिचं त्रिमितीय मॉडेल तयार केलं. त्यात दिसलं की जबड्यात मागे दात आहेत, पण टोकाला बिनदाताची लहानशी चोच आहे. आणि लिंकेज मात्र आजच्या पक्ष्यासारखी मोकळी! चावण्याच्या स्नायूंची जागा अजून डायनासोरसारखी मोठी, मेंदू बराचसा पक्ष्यासारखा. म्हणजे चोचीची 'यंत्रणा' आधी आली, दात नंतर गेले. टोकाची ती चोच चिमट्यासारखी वापरत असावेत असं या संशोधकांचं म्हणणं आहे. हातांचे पंख झाल्यावर वस्तू उचलायला, पिसं साफ करायला काहीतरी तर हवं. मला हे पटतं.

मग दात गेले का? इथे बहुतेकांचं ठरलेलं उत्तर असतं: वजन कमी करायला. उडायचं तर हलकं असायला हवं, दात जड, म्हणून काढले. ओरलला एक्स्टर्नलसमोर चालून जाईल असं उत्तर आहे, पण हिशेबात बसत नाही. इक्थिऑर्निस दात घेऊन उत्तम उडत होता. त्या काळातले सगळ्यात जास्त पसरलेले पक्षी म्हणजे एनान्टिऑर्निथिन नावाचा गट, त्यांच्यातल्या बहुतेकांना दात होते. उलट शहामृगासारख्या धावणाऱ्या डायनासोरांनी दात सोडले, आणि ते काही उडणार नव्हते. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी त्या काळच्या पक्ष्यांच्या दातांच्या वजनाचा हिशेब मांडला तर दात काढून वाचणारं वजन एकूण वजनाच्या तुलनेत नगण्य निघालं.

दुसरं उत्तर अंड्यातलं आहे आणि ते जास्त मजेशीर आहे. डायनासोरच्या गर्भाच्या दातांवर रोजच्या वाढीच्या रेघा असतात, झाडाच्या वर्तुळांसारख्या. २०१७ मध्ये त्या मोजून काढलं की काही डायनासोरांची अंडी उबायला ३ ते ६ महिने लागत. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. दात घडवायला अंड्यातला बराच वेळ जातो. ते काम यादीतून काढलं तर पिल्लू लवकर बाहेर, आणि उघड्यावरच्या घरट्यात अंडं जितके कमी दिवस तितकं बरं. २०१८ मध्ये ही कल्पना मांडली गेली. आता लिमुसॉरसला हे लागू होत नाही हे लगेच लक्षात येईल, कारण तो दात घेऊनच जन्मायचा. तेव्हा कुठलंही एक कारण सगळ्यांना पुरत नाही. तसं पुरायलाही नको, चोच जर अनेकदा आली असेल तर कारणंही अनेक असणार.

दात गेले तरी त्यांचे अवशेष मात्र गेलेले नाहीत. २०१४ मध्ये ४८ जातींच्या पक्ष्यांचे जीनोम तपासले गेले. इनॅमल आणि डेंटीन घडवणारी सहा जनुकं त्या सगळ्यांत मोडक्या अवस्थेत सापडली, आणि काही मोडतोड सगळ्यांत एकाच जागी! कॉपी केलेल्या असाइनमेंटमध्ये सगळ्यांची चूक एकाच ओळीत असते तसं. त्यावरून आजच्या सर्व पक्ष्यांच्या समाईक पूर्वजातच दात गेले, सुमारे ११.६ कोटी वर्षांपूर्वी, असा अंदाज निघाला. आणि २००६ मध्ये कोंबडीच्या एका विशिष्ट दोष असलेल्या गर्भात जबड्याच्या कडेला मगरीच्या दातांसारखे शंकूच्या आकाराचे अंकुर दिसले. ते गर्भ अंड्यातून बाहेर येईपर्यंत जगत नाहीत. पण दात सुरू करण्याची सूचना इतक्या कोटी वर्षांनंतरही कुठेतरी शिल्लक आहे.

आता आपल्या पायाखाली बघू. द्वारका सर्कलच्या आसपास कुठल्याही बिल्डिंगचा पाया खणताना माती आणि मुरूम संपला की जो काळा कातळ लागतो, तो बेसाल्ट. द्वारकेहून मुंबईच्या दिशेने निघालं की पांडवलेणी लागतात, ती याच कातळात कोरलेली आहेत. अजून पुढे इगतपुरीच्या बाजूला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक प्रवाह. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. आजही साधारण ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे. राखेने लिआओनिंगचे पक्षी जपले, आपल्या तप्त लाव्ह्याने असं काही जपण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे जीवाश्म मिळतात ते दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात. नागपूरजवळच्या टाकळीचे थर यासाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत.

पण आपला हा दगड चोचीच्या गोष्टीत वेगळ्या कारणाने येतो. तो ओतला जात होता नेमका ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या महाविनाशाच्या आगेमागे. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला साधारण १० किलोमीटर रुंदीची उल्का आदळली, डायनासोर गेले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच सुमारास इकडे महाराष्ट्र लाव्ह्याने भरून निघत होता. इगतपुरी, कळसूबाई या नावांनी भूशास्त्रात ओळखले जाणारे खालचे थर उल्केच्या आधीचे आहेत, तर महाबळेश्वरचे वरचे थर तिच्या नंतरचे. म्हणजे आपण नाशिककर साधारणपणे 'आधी'च्या बाजूला राहतो! विनाशात या लाव्ह्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे. २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एका गटाच्या मते उल्केच्या काही दहा हजार वर्षं आधी लाव्ह्याचा मोठा लोंढा आला होता. दुसऱ्याच्या मते जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा उल्केनंतर बाहेर पडला. दोघांनीही दगड आपल्या पश्चिम घाटातलेच तपासले होते.

या विनाशात दातवाले सगळे पक्षी संपले. सगळे. वाचल्या त्या फक्त काही चोचवाल्यांच्या शाखा. मग चोच 'श्रेष्ठ' ठरली म्हणायची का? इथे घाई करू नका. अमेरिकेतल्या डाकोटांमध्ये सापडलेला आन्झू नावाचा डायनासोर, २०१४ मध्ये नाव मिळालेला, साधारण ३ मीटर लांब. त्याला छान चोच होती, आणि तोही त्याच वेळी संपला. चोच असूनही वाचला नाही.

वाचलेल्यांबद्दल दोन कल्पना मला सगळ्यात पटण्यासारख्या वाटतात. पहिली २०१६ ची. आकाश काजळल्यावर झाडांची पानं, फळं, त्यावरचे किडे, किड्यांवरचे पक्षी ही सगळी साखळी तुटली. पण जमिनीत पडलेलं बी लगेच खराब होत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. चोचीने बी फोडणारा आणि पोटातल्या खड्यांनी ते दळणारा पक्षी त्या बियांच्या कोठारावर तग धरू शकला. दुसरी कल्पना २०१८ ची. उल्केनंतरच्या थरात अचानक नेच्यांचे बीजाणू खूप वाढलेले दिसतात, याचा अर्थ जंगलं जळून गेली होती. म्हणजे फांद्यांवर राहणाऱ्यांचं घरच गेलं, आणि वाचले ते जमिनीवर हिंडणारे, आकाराने लहान. 'चोच दिली तो चारा देईल' ही म्हण इथे उलटी वाचावी लागते. चारा उरला होता तो बियांचा, आणि ज्यांची चोच योगायोगाने त्याला लागू पडली ते राहिले. ती चोच काही त्या संकटासाठी घडलेली नव्हती.

त्या शेवटच्या दिवसांचा फोटो काढावा इतकं जवळचं चित्र बेल्जियम-नेदरलँड्सच्या सीमेवरच्या खाणींतून मिळतं. २००० मध्ये तिथे एका हौशी संग्राहकाला दगडाचा तुकडा मिळाला, बाहेर पायाची मोडकी हाडं दिसत होती, बस. पुढे केंब्रिजमध्ये सीटी स्कॅन केला तर आत जवळजवळ पूर्ण कवटी! २०२० मध्ये त्याला नाव मिळालं आस्टेरिऑर्निस. ६.६७ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे उल्केच्या ७ लाख वर्षं आधीचा. तोंडाचा पुढचा भाग कोंबडीसारखा, मागचा बदकासारखा, दात नाहीत. जरा आधीचा, सुमारे ६.९ कोटी वर्षांचा वेगाविस अंटार्क्टिकाजवळच्या बेटावर १९९२ मध्ये मिळाला होता, त्याची कवटी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती टोकदार चोच मासे पकडणाऱ्याची वाटते. आणि आस्टेरिऑर्निसच्याच परिसरात, त्याच काळात राहणारा दुसरा पक्षी जॅनॅविस, वजन साधारण दीड किलो, त्याला दात होते. त्याचं पूर्ण नाव 'जॅनॅविस फायनालिडेन्स', म्हणजे शेवटचे दात! दातवाला आणि चोचवाला एकाच किनाऱ्यावर, एकाच वेळी. कोण राहणार आणि कोण जाणार हे त्या दिवशी कोणी सांगू शकलं नसतं.

या जॅनॅविसचा आपल्या खानदेशाशी एक लांबचा संबंध लागतो. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे आठवतं ना? पाटणादेवीचं पाटणे, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख असलेलं. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्यापासून बनवलेले मणी मिळाले. एका तुकड्यावर रेघांची नक्षीसुद्धा कोरलेली आहे. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग! विश्वास बसत नसेल तर २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतून डीएनए काढून तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळतो हे दाखवलं आहे.

शहामृगाची टाळू इतर पक्ष्यांसारखी नसते. पोपट, कोंबडी, बदक यांच्या टाळूत सांधा असतो, त्यामुळे ती फोर बार लिंकेज छान मोकळी चालते. शहामृग, एमू यांच्या टाळूची हाडं एकमेकांना जुळून गेलेली असतात. १८६७ मध्ये टी. एच. हक्सली यांनी टाळू बघूनच पक्ष्यांचं वर्गीकरण केलं, आणि पुढे दीडशे वर्षं असंच मानलं गेलं की जुळलेली टाळू ही जुनी, डायनासोरांकडून आलेली, आणि सांधा असलेली टाळू ही नंतरची सुधारणा. पुन्हा तोच जिना! शहामृगाच्या गटाला नावही तसंच पडलं: पॅलिओग्नॅथी, म्हणजे जुन्या जबड्याचे. २०२२ मध्ये केंब्रिजच्या हुआन बेनितो यांनी जॅनॅविसचं एक हाड हातात घेतलं. ते आधी खांद्याचं म्हणून नोंदवून ठेवलेलं होतं. ते निघालं टाळूचं, आणि आकाराने हुबेहूब कोंबडी-बदकांसारखं, म्हणजे सांधा असलेलं. दातवाल्या, महाविनाशाच्या आधीच्या पक्ष्यात मोकळी टाळू! याचा अर्थ मोकळी टाळू जुनी आणि शहामृगाची जुळलेली टाळू नंतरची. आपल्या पाटण्याच्या मण्यांचा मालक तोंडाच्या बाबतीत कोंबडीपेक्षा अर्वाचीन ठरला.

गटाचं नाव मात्र अजून 'जुन्या जबड्याचे' हेच आहे. एकदा छापलेलं बदलायचा कंटाळा शास्त्रज्ञांनाही येत असावा.